निकाल यायचाय अजून

“पुढच्या वेळी येताना घरचं कुणीतरी बरोबर आणा,” डॉक्टर कुराशिना म्हणाले.

“कशाला? मला नीट ऐकू येतं.”

“ऐकू येण्याचं नाही हो, मोमोसे-सान. अशा गोष्टी दोघांनी ऐकलेल्या बऱ्या.”

अशा गोष्टी म्हणजे कसल्या, ते त्यांनी सांगितलं नाही अन् मीही विचारलं नाही. बहात्तर वर्षांची झाले, एवढं कळतं मला. डोळे हळदीसारखे पिवळे, वजन सात किलोंनी उतरलेलं, अन् स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याशी सुजेचा गोळा. त्या गोळ्यानं पित्ताची नळी दाबली होती. तिच्यात दुसरी बारीक नळी सरकवून त्यांनी पिवळेपणा उतरवायला घेतला होता, पण गोळा होता तिथंच होता. तोंडातून दुर्बीण घालून, पोटाच्या आतून त्याला सुई टोचून झाली होती. आता तिचा निकाल सांगायचा, तर म्हणे घरचं कुणीतरी आणा. कुठून आणायचं? बाजारात मिळतं होय?

घरात मी एकटी. नवरा जाऊन चोवीस वर्षं झाली. मुलगी एकच, माकिको, ती फुकुओकाला, देशाच्या पार त्या टोकाला. तिथल्या एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात आहारतज्ज्ञ आहे. कुणाला किती मीठ अन् कुणाला किती भात ते ठरवते. लग्न केलं नाही तिनं. नव्या वर्षाला तिचं कार्ड येतं. छापील. खाली हातानं एक ओळ, ‘तब्येतीला जप.’ मीही छापीलच पाठवते, खाली एक ओळ, ‘तूही जप.’ एकतीस वर्षं मी पोस्टाच्या खिडकीत काढली, लाखो कार्डं हाताखालून गेली, पण इतकी कोरडी कार्डं दुसऱ्या कुणाची पाहिली नाहीत.

याला कारण मीच. सांगून टाकते एकदाचं.

माझ्या नवऱ्याला, एइसाकुला, पोटाचा कॅन्सर निघाला तेव्हा डॉक्टरांनी त्याला आत ठेवून मला एकटीला बाहेर बोलावलं. त्या काळी रीतच होती तशी. रोग्याला सांगायचं नाही, घरच्यांना सांगायचं, अन् पुढं काय ते घरच्यांनी ठरवायचं. “पाच महिने,” डॉक्टर म्हणाले. “त्यांना सांगायचं का?” मी म्हटलं, “नको.” आत गेले अन् नवऱ्याला म्हटलं, “अल्सर आहे. दारू बंद.” तो बिचारा अल्सर बरा व्हावा म्हणून पाच महिने थेंबाला शिवला नाही. रोज संध्याकाळी एक घोट साके, एवढीच त्या माणसाची चैन होती, अन् मरणाच्या वाटेवर तीही मी काढून घेतली.

माकिकोलाही मी अल्सरच सांगितलं. तेवीस वर्षांची पोर, नुकती नोकरीला लागलेली, कशाला तिच्या जिवाला घोर, असं वाटलं मला. त्या ऑगस्टात, पितरं घरी येतात त्या दिवसांत, ती घरी यायची होती. बापानंच फोनवर सांगितलं, “अल्सर तर आहे, जा तू मैत्रिणींबरोबर समुद्रावर.” ती ओकिनावाला गेली. ऑक्टोबरात आली तेव्हा तो माणूस ओळखत नव्हता. सगळं उरकल्यावर तिनं दारात बूट घालता घालता एवढंच म्हटलं, “माझे पाच महिने चोरलेस तू, आई.” रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तर अशा मुलीला फोन करायचा होता. तीन दिवस फोनभोवती घिरट्या घातल्या अन् चौथ्या दिवशी लावला.

“माकिको, मी पिवळी पडलेय.”

पलीकडे ताटांचा खडखडाट ऐकू येत होता. “किती दिवस झाले?”

“तीन आठवडे. स्वादुपिंडात काहीतरी आहे. डॉक्टर म्हणतात घरचं माणूस आणा. तुला जमत नसेल तर राहू दे, मी सांगेन त्यांना की...”

“उद्या येते,” ती म्हणाली अन् फोन ठेवला.

आली ती छोटीशी बॅग घेऊन. कोट काढायच्या आधी तिनं माझा फ्रिज उघडला, आत बघितलं अन् म्हणाली, “हे खाऊन जगतेस तू?” सत्तेचाळीस वर्षांची झाली होती. कानाजवळचे केस पांढरे. बापासारखंच नाक आक्रसून बोलत होती. मला इतकं बरं वाटलं की मी उलट काही बोललेच नाही, अन् मी उलट न बोलणं म्हणजे नवलच.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी डॉक्टर कुराशिनांपुढे बसलो. शेजारी शस्त्रक्रियेचे मोठे डॉक्टर, हाताची घडी घालून. कुराशिना वयानं तसे पोरगेलेसेच, डोक्यामागे केसांचा तुरा कायम उभा, पण बोलणं सावकाश.

“सुईनं ज्या पेशी आल्या त्यांत कॅन्सर दिसला नाही,” ते म्हणाले.

“मग झालं की!” मी म्हटलं.

“नाही ना झालं. सुई फार बारीक होती, चार सुट्या पेशी आल्या. पोत्यातनं मूठभर तांदूळ काढले अन् खडा लागला नाही, म्हणून पोत्यात खडा नाही असं म्हणता येतं का?”

मोठे डॉक्टर म्हणाले, “थांबण्यात अर्थ नाही. गोळा काढून टाकू.” मग काय काय काढणार ते त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं. स्वादुपिंडाचं डोकं, जठराचा तुकडा, आतड्याचा तुकडा, पित्ताशय. ऐकून मला वाटलं, मग शिवून परत पाठवणार ते नेमकं काय?

कुराशिनांना मात्र दुसरीच शंका होती. माझ्या रक्तात एक प्रथिन फार वाढलेलं होतं. ते म्हणाले, एक आजार असा असतो की दिसायला अगदी कॅन्सरसारखा, तसाच गोळा, तशीच कावीळ. पण ती नुसती सूज असते, शरीरानं स्वतःच स्वतःवर काढलेली. ती स्टेरॉइडच्या गोळ्यांनी वितळून जाते. “पण ते प्रथिन कधीकधी कॅन्सरमध्येही वाढतं. नुसत्या रक्तावर भरवसा ठेवून चालत नाही.”

“मग गोळ्या देऊनच बघा ना,” माकिको म्हणाली. “सूज उतरली तर कळेलच.”

“अन् कॅन्सर असला तर? बघण्यात जे आठवडे जातील ते परत कुठून आणू मी? शिवाय उलटंही आहे. नुसती सूज असली अन् आम्ही पोट फाडून बसलो, तर यांचं आयुष्यभराचं नुकसान. आधी खात्री हवी. या वेळी जाड सुई घेतो, टोकाला धार असलेली. सुट्या पेशी नाहीत, अख्खा तुकडा कापून आणते ती.”

मोठ्या डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं अन् एक आठवडा दिला.

बाहेर आल्यावर माकिकोनं मला साफ सांगितलं. तिचं बोलणं नेहमी असंच, आधी जेवणाचा तक्ता अन् मग चव. “ऑपरेशन करायचं ठरलं तर मी तीन महिने इथं राहते, रजेचा अर्ज करून आलेय. नसेल तर पुढच्या रविवारी जाते. स्वयंपाकघरात माणसं कमी आहेत.”

“बरं,” मी म्हटलं.

तर असा हिशेब होता. कॅन्सर असेल तर मुलगी तीन महिने घरात. नसेल तर रविवारची गाडी.

दुसरी सुई बुधवारी झाली. मला त्यातलं काही आठवत नाही, झोपेचं औषध दिलं होतं. जागी झाले तेव्हा घसा खरवडल्यासारखा अन् कुराशिना हातात छोटी बाटली धरून उभे. बाटलीतल्या पाण्यात पांढरट शेवईचा तुकडा तरंगत होता, नखाएवढा. “छान आलाय,” ते म्हणाले, मासा गळाला लागल्यासारखे खूश. मला हसू आलं. माझ्या जिवाची गोष्ट, अन् ती शेवईएवढी.

मग निकालाची वाट बघण्याचे दिवस आले. लोक म्हणतात ते दिवस वाईट असतात. माझे आयुष्यातले चांगले गेले. लाज वाटते बोलायला, पण खरं तेच सांगते. सकाळी उठायच्या आधीच खालून चाकूचा आवाज यायचा. दारात सपातांचे दोन जोड. माकिको मला तेल नसलेलं काहीतरी बेचव शिजवून घालायची अन् मी नावं ठेवत सगळं खायचे. “मोमोसे-सान, ताट रिकामं झालं पाहिजे,” ती हॉस्पिटलातल्या आवाजात म्हणायची. दुपारी ती बापाच्या खोलीत पुस्तक वाचत पडायची अन् मी उगाच तिथनं चारदा जायचे. काही काम नसायचं. नुसतं बघायचं की आहे.

निकाल गुरुवारी होता. पण आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी, हॉस्पिटलातून फोन आला की डॉक्टर उद्या बाहेरगावी जाताहेत, निकाल आलाय, आजच या, मुलीला घेऊन या. माकिको नेमकी बाजारात गेली होती. मी टेबलावर चिठ्ठी ठेवली, ‘रक्त द्यायला जाते,’ अन् एकटीच निघाले. तिची वाट बघता आली असती. नाही बघितली. का नाही, ते मी तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसलाच प्रकार.

“मुलगी?” कुराशिनांनी विचारलं.

“तिला जमलं नाही. मी सांगेन तिला.”

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. त्या शेवईचं चित्र होतं, प्रचंड मोठं केलेलं. जांभळट दोऱ्यांच्या गुंडाळ्या, त्यांत तपकिरी ठिपकेच ठिपके. “हे ठिपके बघा. हेच आम्ही शोधत होतो. अन् ही शीर, सुजेनं बुजून गेलेली. कॅन्सर नाही, मोमोसे-सान.”

“मागच्या वेळीही असंच म्हणाला होतात.”

“मागच्या वेळी म्हटलं होतं की दिसला नाही. या वेळी काय आहे ते दिसलंय. तुमच्याच शरीरानं तुमच्या स्वादुपिंडाशी वैर धरलंय, बस्स. ऑपरेशन नको. उद्यापासून गोळ्या सुरू.” अन् मग ते पोरासारखे हसले. “घरी जा अन् मुलीला सांगा. नाचेल ती.”

मी उठून वाकून आभार मानले. बाहेर येऊन बाकावर बसले. आनंद व्हायला हवा होता. शेजारी एक माणूस बसला होता, माझ्याच वयाचा, पिवळाजर्द, बायको त्याचा हात धरून. त्याचा निकाल काय होता देव जाणे. अन् त्याच्या शेजारी बसून मी, जिला जीवदान मिळालं होतं ती बाई, मनात काय म्हणत होते? म्हणजे रविवारी माकिको जाणार. अन् त्याच्याही पुढं, एक क्षण, एकच क्षण: कॅन्सर असता तर बरं झालं असतं. जळो माझं तोंड. पण आलं खरं मनात.

घरी पोचले तर माकिको भाजी निवडत होती. “काय म्हणाले?”

“रक्त घेतलं,” मी म्हटलं. “उद्याची वेळ रद्द झाली. डॉक्टर बाहेरगावी जाताहेत. पुढच्या बुधवारी बोलावलंय.”

“अन् निकाल?”

“यायचाय अजून.”

तोंडातून इतकं सहज बाहेर पडलं की माझं मलाच नवल वाटलं. खोटं बोलायलाही हात बसावा लागतो, अन् माझा चोवीस वर्षांपूर्वीच बसला होता. माकिको माझ्याकडे बघून म्हणाली, “मग मी रविवारी जात नाही. स्वयंपाकघरात कळवते.”

गोळ्या मी चहाच्या रिकाम्या डब्यात लपवल्या. रोज सकाळी सहा गोळ्या, न्हाणीघराचं दार लावून. त्या गोळ्यांची एक खोड आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं; खरं तर फार्मसीतल्या मुलीनं सांगितलं असेल, माझं लक्ष नव्हतं. भूक लागते. साधी नाही, राक्षसी. दोन दिवसांत मी भाताचे तीन तीन वाडगे चापायला लागले. मरणाच्या दारातली बाई लोणच्याचं ताट चाटूनपुसून साफ करते अन् विचारते, आणखी काही आहे का गं? माझं मलाच हसू यायचं. माकिको चौथा वाडगा भरून पुढं ठेवायची.

अन् रोज संध्याकाळी, भांडी विसळताना, पाठमोरी विचारायची, “हॉस्पिटलातून काही फोन?”

“नाही गं. निकाल यायचाय अजून.”

“बरं,” ती म्हणायची.

पाच संध्याकाळी असं झालं. पाचही वेळा मी तेच म्हटलं. त्या पाच दिवसांत आम्ही कपाटं आवरली, सोलून सुकायला टांगलेली पर्सिमॉनची फळं उन्हात फिरवली, एकदा टीव्हीवर कुस्ती बघताना दोघींनी एकाच मल्लाला शिव्या घातल्या. इतकं साधं सगळं. याच्यासाठी मी माझ्या मुलीला मी मरतेय असं वाटू देत होते.

मंगळवारी शेजारच्या यासुयो-सान नोझावानाच्या पाल्याच्या दहा जुड्या दारात टाकून गेल्या. नोव्हेंबर संपत आला की आमच्या भागात घरोघर हा पाला मिठात दाबतात. आजारी असा नाहीतर मरायला टेकलेल्या असा, पाला थांबत नाही. आम्ही अंगणात टब मांडला. पाणी असं गार की बोटं जळल्यासारखी होत होती. मी मुळं कापत होते, माकिको धूत होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. हात पुसून ती उठली अन् कुंपणाजवळ गेली. तिचे साहेब होते.

“हो... नाही, कळतंय मला... माफ करा. आईचा निकाल यायचाय अजून. खरंच माफ करा.”

अन् ती वाकली. समोर कुणी नाही, नुसतं कुंपण, अन् माझी सत्तेचाळीस वर्षांची लेक कमरेत वाकून त्या न दिसणाऱ्या माणसाची माफी मागत होती. एकदा, दोनदा, तीनदा. ओले हात दोन्ही बाजूंना लोंबत होते.

ते मला बघवलं नाही. ती परत येऊन बसली अन् मी म्हटलं, “निकाल आलाय.”

तिनं पाल्याची जुडी पाण्यात बुडवली. “कधी?”

“गेल्या बुधवारी. कॅन्सर नाहीये. नुसती सूज आहे, गोळ्यांनी जाते.”

“माहितेय,” ती म्हणाली.

“कसं?” मी विचारलं.

“बुधवारीच कळलं मला. जेवणात तुला काय चालतं ते बघायला औषधांची वही काढली, तर शेवटच्या पानावर चिठ्ठी. हॉस्पिटलचं नाव, तारीख, प्रेडनिसोलोन, म्हणजे ते स्टेरॉइड, रोज सकाळी सहा गोळ्या. चारी कोपरे नीट दाबून चिकटवलेली. आमच्याकडे निम्म्या रोग्यांच्या वहीत असते, आई. कॅन्सर निघाला असता तर एव्हाना तुला ऑपरेशनची तारीख मिळाली असती, या गोळ्या नव्हे.”

कपाळ माझं! गोळ्या लपवल्या, चिठ्ठी लपवली नाही. फार्मसीतून औषधाबरोबर चिठ्ठी मिळते अन् ती वहीत चिकटवायची असते, हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी तर पोस्टातली. हातात चिकटवायचा कागद आला अन् तो न चिकटवता राहिला, असं माझ्या जन्मात झालेलं नाही. घरी आल्या आल्या, मुलीला फसवायच्याही आधी, मी ती चिठ्ठी चिकटवून वही खणात नीट ठेवली होती.

“मग बोलली का नाहीस?”

“तू बोलशील म्हणून. रोज विचारत होते की.”

“अन् आत्ता साहेबांना जे म्हणालीस ते?”

“खोटं बोलले. तुझीच लेक आहे.”

मला हसू फुटलं. ती हसली नाही. देठांवरची माती अंगठ्यानं घासत राहिली, बराच वेळ, एकच देठ.

“एक विचारते. खरं सांग,” ती म्हणाली. “कॅन्सर असता, तर सांगितलं असतंस मला?”

हो म्हणायला काय लागत होतं? एक शब्द. पण ती माझ्याकडे बघत होती, अन् तिचे हात गारठून लाल झाले होते, अन् मला खोट्याचा कंटाळा आला होता.

“नाही,” मी म्हटलं. “म्हटलं असतं, काही नाही गं, सूज आहे नुसती. तू जा रविवारी.”

“म्हणजे मरत असतीस तर मला पाठवून दिलं असतंस. अन् जगणार आहेस, तर धरून ठेवलंस.”

“हो.”

“असं कोण करतं, आई?”

मी रडायला लागले, ओल्या हातांनी तोंड पुसायला गेले तर माती लागली. ती उठली नाही, जवळ आली नाही. पण गेलीही नाही. आम्ही दहाच्या दहा जुड्या धुतल्या. पिंपात थर लावले, पाला, मीठ, पाला, मीठ. वरचा दगड मला उचलण्यासारखा नव्हता, तो तिनं ठेवला. मग म्हणाली, “उद्या निघते.”

स्टेशनवर तिनं मला आत येऊ नको म्हटलं तरी मी फलाटाचं तिकीट काढून गेले. गाडी उभी होती. ती दारात थांबली.

“पुढचं रक्त कधी आहे?”

“पंधरा दिवसांनी. गुरुवारी.”

“फोन कर. तुझ्या शब्दांत सांगू नकोस. कागदावरचे आकडे वाच, सगळे.”

“वाचेन.”

“एकही गाळायचा नाही.”

“नाही गाळणार गं.”

दार लागलं. तिनं आतून हात केला की केस मागे सारले, ते काचेवरच्या उजेडात मला नीट दिसलं नाही.

ते पंधरा दिवस कसे गेले विचारू नका. पूर्वीही मी एकटीच होते, पण तेव्हा ते अंगवळणी पडलं होतं, दुखत नव्हतं. आता घरात जिकडंतिकडं तिनं लावून ठेवलेलं दिसायचं. मसाल्याच्या बाटल्या तिच्या पद्धतीनं, पातेली तिच्या पद्धतीनं. भूक तर मेली थांबेना. मी एकटी बसून तीन वाडगे भात खायचे अन् समोर कुणी नाक आक्रसायला नसायचं. एकदा फार्मसीत तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. मोजून बघितलं, चार दिवस कुणाशी एक शब्द बोलले नव्हते.

गुरुवारी कुराशिनांनी नवा स्कॅन दाखवला. गोळा निम्म्यावर आला होता. ते भलतेच खूश. कागद घेऊन मी बाहेर बसथांब्यावर आले, बाकावर बसले, चष्मा लावला अन् माकिकोला फोन केला. दुपारचे चार वाजायला आले होते. पलीकडे तोच ताटांचा खडखडाट.

मी वाचायला लागले. बिलिरुबिन इतकं, ते प्रथिन इतकं, पूर्वी होतं त्याच्या निम्मं. ती मधूनच “हं” म्हणत होती, लिहून घेत असावी.

“आणि?”

“सूज निम्मी झाली.”

“आणि?”

“साखर थोडी वाढलीय. त्या गोळ्यांनी. हे सांगणार नव्हते.”

“किती?”

मी आकडा वाचला. ती रागावली, भात दोन वाडग्यांवर आण म्हणाली, एक नव्हे दोनदा म्हणाली. मग पुन्हा विचारलं, “आणि?”

“आणि काही नाही. कागद संपला.”

तिनं फोन ठेवला नाही. मी समोरचा रस्ता बघत होते. शाळा सुटलेली पोरं चालली होती, एक बाई कुत्र्याला ओढत होती. ‘बरं, ठेवते, तूही जप,’ एवढं म्हणायचं होतं, कार्डावर लिहितात तसं. ते ओठांपर्यंत आलं होतं.

“आणि,” मी म्हटलं, “मला घरी जावंसं वाटत नाही, माकिको. तिथं कुणी नसतं.”

चोवीस वर्षांत हे मी कुणाला बोलले नव्हते. कधी कुणी विचारलंही नव्हतं, अन् विचारलं असतं तर म्हटलं असतं, छे हो, एकटं असलं की कसं मोकळं वाटतं. पलीकडे कुणीतरी तिला हाक मारली, जेवणाच्या गाड्या निघायच्यात म्हणून. “तुम्ही काढा, मी येते,” ती त्यांना म्हणाली. मग मला विचारलं, “बस कितीला आहे तुझी?”

“चार दहाला.”

“म्हणजे बारा मिनिटं आहेत. बोल.”

“काय बोलू?”

“काहीही. खरं असलं म्हणजे झालं.”

मी बोलायला लागले. भाताचं सांगितलं, आवाज न फुटल्याचं सांगितलं. मग तिच्या बाबांचं सांगितलं, की शेवटच्या महिन्यात तो मला म्हणाला होता, अल्सर काही असा नसतो, तोकिए, अन् मी उशी सरळ करून खोलीबाहेर निघून गेले होते. ती ऐकत होती. तिचा श्वास ऐकू येत होता. चार दहाला बस आली, दार उघडलं, ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलं. बसमध्ये बसून फोनवर बोलायचं नसतं आमच्याकडे, म्हणून मी हातानंच त्याला जा म्हटलं. पुढची बस चाळीस मिनिटांनी होती.